एकदाची शांत झाली

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि त्याला आवाज सहन होत नव्हता.

आता मुलांनो, साळिंदर म्हणजे ज्याच्या अंगावर हातभर लांबीचे काटे असतात आणि जे नुसतं कुशीवर वळलं तरी खुळखुळतं, असा प्राणी. अशा प्राण्याला आवाज सहन होऊ नये, हे तुम्हाला विचित्र वाटेल. वाटू द्या. तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल की साळिंदरं दिवसा झोपतात आणि रात्री जागतात. आमच्या गोष्टीतली दिवसा जागतात. तुमच्या पुस्तकातला सिंह न्यायनिवाडा करतो, तेव्हा तुम्ही हात वर केला नव्हता.

तर या साळिंदराचं नाव भालचंद्र. त्याच्या बायकोचं नाव सिंधू. बिळात तिसरी होती ठकूआत्या, म्हणजे भालचंद्राच्या वडिलांची बहीण. आईवडील लवकर गेल्यामुळे भालचंद्राला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं.

ही ठकूआत्या तरुणपणी एका बोलपटात होती. पलीकडच्या जंगलातून एक कंपनी आली होती आणि त्यांना नदीवर पाणी भरणारी साळू हवी होती. काम पाऊण मिनिटाचं. कळशी घेऊन यायचं, वाघ दिसला की थांबायचं, मान वळवून त्याच्याकडे बघायचं आणि सगळे काटे फुलवून एकदा वाजवायचे. वाघ पळून जातो. संवाद एकही नव्हता. आत्या सांगायची, त्या वेळी काठावर सगळे चिडीचूप होते, पानही हलत नव्हतं, नुसते माझे काटे वाजत होते.

पुढे तो बोलपट तंबूत लागला. तंबू आठच दिवस होता, आणि नेमका त्याच आठवड्यात लहानग्या भालचंद्राला गोवर निघाला. आत्या त्याच्या उशाशी बसून राहिली. ती काटे अगदी हळू हलवायची आणि त्या आवाजानं पोराचा डोळा लागायचा. पोर बरं झालं तेव्हा तंबू उठला होता. सगळ्या जंगलानं आत्याला बघितलं होतं, फक्त आत्यानं बघितलं नव्हतं. मग चाळीस वर्षं ती भेटेल त्याला विचारत राहिली की मान वळवली तेव्हा मी कशी दिसत होते. कोणी म्हणे झकास. सशानं प्रामाणिकपणे सांगितलं की तेवढ्यात मी शेंगदाणे आणायला बाहेर गेलो होतो.

आत्याचे कान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. यंदा दसऱ्याच्या आधी वैद्यांनी तिचे डोळे तपासले आणि सिंधूला बाजूला घेऊन सांगितलं की पळस फुलेपर्यंत दिसेल, पुढचं सांगवत नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात सिंधूच्या भावानं कुठूनशी त्या बोलपटाची प्रत मिळवून पाठवली. आपट्याची पानं वाटता वाटता आत्या म्हणाली, "मला एकदा मला बघायचंय."

एवढंच मागणं होतं. दसरा ते पळस, म्हणजे चांगले चार महिने हातात होते.

शेजारी गव्यांचे आबा राहायचे. त्यांच्याकडे बोलपट दाखवणारी पेटी होती. पेटी म्हणजे शहरातली माणसं दिवाणखान्यात मोठ्या पडद्याला जोडून ठेवतात, तसला कॉम्प्युटर. आबांची पेटी जुनी होती. तिचा पंखा सुरू झाला की गिरणीत आल्यासारखं वाटायचं, जमीन थरथरायची आणि ताटलीतले शेंगदाणे जागच्या जागी नाचायचे. तरी दर रविवारी निम्मं जंगल तिथे जमायचं. सिंधू म्हणाली, रविवारी आत्यांना आबांकडे नेऊ आणि दाखवून आणू.

असं झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही वेळेवर झोपला असता.

"त्या गिरणीत?" भालचंद्र म्हणाला. "आख्ख्या बोलपटात तो एकच शांत सीन आहे. त्यात फक्त आत्याचे काटे वाजतात. ते त्या घरघरीत घालवायचे?"

"आत्यांना ऐकू येत नाही," सिंधू म्हणाली.

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

मुलांनो, प्रश्न तत्त्वाचा आहे असं घरात कोणी म्हणालं, की समजावं आता हे काम लांबणार. भालचंद्रानं जाहीर केलं की आपण स्वतः पेटी बांधायची, आणि अशी बांधायची की ती चालू आहे की बंद हे कानाला कळू नये. विकतची नको. विकतच्या पेट्या ओरडतात.

दिवाळीत पेटी तयार झाली. भालचंद्रानं ती फार प्रेमानं जोडली होती. प्रोसेसरवर लावायचा लेप त्यानं स्वतःच्या काट्याच्या टोकानं लावला होता. आत्या ठेवणीतली शाल पांघरून पडद्यासमोर येऊन बसली. सिंधूनं चकल्या ठेवल्या. बोलपट सुरू झाला, नावं आली, एक हत्ती गाणं म्हणू लागला, आणि भालचंद्रानं पेटी बंद केली.

सिंधूनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, पंखा ऐकू येतोय. आत्यानं विचारलं, संपला का. सिंधूनं तिच्या हातावर चकली ठेवली.

नदीच्या वळणावर एक वड आहे. त्याच्यावर शांतताप्रेमी मंडळ भरतं आणि ते अर्ध्या कोसावरून ऐकू येतं. सगळी वटवाघळं. फांद्यांना उलटी लटकून ती दिवसभर कोणाची पेटी किती शांत आहे यावर कचाकचा भांडतात. एक म्हणतं, माझी एकोणीस डेसिबल. दुसरं म्हणतं, तुझं मोजायचं यंत्रच खोटं. मंडळाचे अध्यक्ष लटकेसर. त्यांच्याएवढे तीक्ष्ण कान साऱ्या जंगलात कोणाचे नव्हते, आणि हे ते स्वतःच सांगत.

भालचंद्र तिथे गेला. लटकेसरांनी सांगितलं, लहान पंखा काढा आणि मोठा लावा. लहान पंखा भराभर फिरतो म्हणून ओरडतो, मोठा सावकाश फिरतो आणि तेवढंच वारं देतो. हा सल्ला अगदी खरा होता. असल्या मंडळात पहिला सल्ला नेहमी खरा असतो, नाहीतर दुसऱ्याला कोण येईल?

मोठा पंखा आला. घरघर थांबली. भालचंद्र हरखला. आत्यानं पुन्हा ठेवणीतली शाल बाहेर काढली. आणि त्याच संध्याकाळी भालचंद्राला कळलं की पंख्याच्या घरघरीमागे इतके दिवस एक करकर लपलेली होती. ती हार्ड डिस्कची होती.

मग हार्ड डिस्क गेली आणि आत काहीच न फिरणारी नवी डिस्क आली. करकर थांबली. आता पॉवर सप्लायची गुणगुण ऐकू येऊ लागली. मग बिनपंख्याचा पॉवर सप्लाय आला. तो कुरियरच्या हरणानं आणून दारात आपटला, म्हणून बदलून मागवला. तोवर मार्गशीर्ष संपत आला होता. गुणगुण गेली, तेव्हा पेटीचा पत्रा थरथरतो असं लक्षात आलं. मग प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर बसले आणि आतून फोम चिकटवला गेला.

एकदा लटकेसर स्वतः घरी आले. तुळईला लटकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चीं असा एक बारीक आवाज येतोय. तुम्हाला येत नाही?"

भालचंद्राला येत नव्हता. त्यानं कान टवकारले. पाऊण तास टवकारले. शेवटी एकदाचा त्याला तो ऐकू आला, आणि मग तो उठता बसता, जेवता, आंघोळ करताना ऐकू येतच राहिला. लटकेसर दोन केळी खाऊन गेले.

चीं बंद करायला मदरबोर्ड बदलला. आता पेटीत एक मोठा पंखा सोडला तर हलणारं काही नव्हतं. आणि पेटी एवढी शांत झाली, की बिळातलं बाकी सगळं ऐकू येऊ लागलं. पाली चुकचुकत होत्या. भाकरी थापताना सिंधूच्या हाताचा आवाज होत होता. सगळ्यांत वाईट म्हणजे घरात काटे वाजत होते. तिघांचे मिळून हजारांवर काटे, आणि कोणीही श्वास घेतला तरी खुळखुळ.

तुम्ही म्हणाल, आत्याच्या काट्यांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तर हे सगळं चाललं होतं. बरोबर. पण तो पडद्यावरचा आवाज. घरातल्या आवाजाला कोण विचारतं?

भालचंद्रानं भेंडाची बारीक टोपणं करून आणली. स्वतःच्या प्रत्येक काट्याला एकेक बसवलं. सिंधूनंही कुरकुरत बसवून घेतली. आत्याला खाणाखुणा करून समजावलं, तेव्हा तिनं नकार दिला. म्हणाली, "काटे वाजले नाहीत तर मी घरात आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

भालचंद्रानं तिची समजूत घालायला वेळ नाही म्हणून विषय सोडला. त्याचं सगळं लक्ष आता त्या शेवटच्या पंख्यावर होतं. मंडळात त्याची पेटी अकरा डेसिबलवर अडकली होती आणि कडुनिंबावरच्या कोणा नवशिक्याची नऊवर गेली होती. सिंधू रोज टेकडीकडे बघायची. पळसाची पानं गळाली होती. फांद्यांवर काळपट कळ्या धरल्या होत्या.

एका सकाळी भालचंद्रानं तो शेवटचा पंखाही काढला. पेटी कपाटात ठेवली, सुरू केली आणि कान लावला. काही नाही. लटकेसरांना बोलावलं. त्यांनी कान लावला. तेही काही बोलले नाहीत, आणि लटकेसर काही बोलत नाहीत म्हणजे शून्य.

भालचंद्र आनंदानं वेडा झाला. तो तसाच धावत बाहेर आला आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "शांत झाली! अहो, एकदाची शांत झाली!"

आबा पाणवठ्याकडे निघाले होते, ते थबकले. आपल्याकडे कोणी शांत झालं म्हणजे काय झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मागच्या वर्षी तुमचे पणजोबा शांत झाले तेव्हा तुम्हाला शाळेतून लवकर आणलं होतं.

आबांनी मान खाली घातली. म्हणाले, "सुटली बिचारी. लई सोसलं तिनं."

"तिनं कसलं, आम्ही सोसलं," भालचंद्र म्हणाला. "चार महिने. शेवटी शेवटी तर नुसती घरघर लागली होती. मी सारखा कान लावून बसलेला."

"तरास नाही ना झाला?"

"अजिबात नाही. एकेक काढत गेलो, तशी ती आपोआप शांत होत गेली."

एकेक काय काढत गेलास, हे विचारायचा आबांना धीर झाला नाही. त्यांनी हळूच विचारलं, आता कुठं ठेवलीय. भालचंद्र म्हणाला, कपाटात. आबांनी पुन्हा विचारलं. भालचंद्रानं पुन्हा सांगितलं, कपाटात, कारण बाहेर ठेवली तर धूळ बसते. मग आबांनी कसंबसं विचारलं की नेणार कधी. भालचंद्र हसला. म्हणाला, न्यायची कुठे, ती आता कायमची घरातच, तुम्ही सगळे संध्याकाळी बघायला या.

आबा मागच्या मागे वळले. भालचंद्राच्या डोक्यावर परिणाम झाला आहे हे त्यांनी ज्याला त्याला सांगितलं, पण आत्याचं शेवटचं दर्शन घ्यायला हवं असं सगळ्यांचं मत पडलं.

संध्याकाळी बिळाच्या दाराशी सत्तावीस जनावरं आली. माना खाली, पावलं हळू. ज्या घरी असं होतं तिथे चूल पेटत नाही, म्हणून भेकरीणबाईंनी मोठं पातेलंभर पिठलं-भात आणला होता. सगळे ओळीनं आत आले तर समोर ठकूआत्या शाल पांघरून बसलेली.

कोणी किंचाळलं नाही, पण ससा खाली बसला. आत्यानं पातेल्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

सिंधूला आधी कळलं. ती तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आत्याला उत्तर ऐकू आलं नसतंच, त्यामुळे तिनं वाट न बघता ताट घेतलं. दोन घास खाल्ले आणि सांगितलं की पिठल्यात मीठ कमी आहे. आबांचे डोळे भरून आले. म्हणाले, असं स्वतःच्या पिठलं-भाताला नाव ठेवायचं भाग्य कोणाला मिळतं.

एवढी मंडळी जमली आहेत तर आजच दाखवू, असं भालचंद्रानं ठरवलं. त्याला आनंद झाला होता. पेटी बघायला सत्तावीस जणं आली, आणि बघतील काय, तर काहीच ऐकू येत नाही! सगळे दाटीवाटीनं बसले. आत्याला पुढची जागा दिली. तिला आता कडेचं दिसत नव्हतं, पण सरळ समोर धरलेलं दिसत होतं. तिनं मान जरा तिरकी करून पडदा पकडला.

बोलपट चालू झाला. पेटीचा आवाज खरंच नव्हता. पण जमलेल्यांचा होता. ससा शेंगदाणे फोडत होता, आबा नाकानं श्वास घेत होते, आणि भालचंद्र दर दोन मिनिटांनी श्श करत होता. श्श इतक्या वेळा झालं, की हत्तीच्या गाण्याचं एक कडवं कोणालाच कळलं नाही.

आणि मुलांनो, आता थोडं विज्ञान. पंखा आवाज करतो, पण तो काही आवाज करायला लावलेला नसतो. तो पेटी थंड ठेवायला असतो. घरात इन मीन तीन साळिंदरं होती तोवर पेटी बिनपंख्याची कशीबशी तग धरत होती. आता सत्तावीस जनावरांची ऊब बिळात कोंडली होती आणि पेटी कपाटात कोंडली होती. वाघ नदीकडे निघाला. आत्या पुढे सरकून बसली. काठ दिसला, आणि पडदा काळा झाला. जास्त गरम झालं की आपण होऊन बंद पडावं, एवढी अक्कल पेटीला होती.

भालचंद्रानं कपाटात डोकं घातलं. पेटीवर भाकरी भाजता आली असती. तो फुंकर घालू लागला, स्क्रू काढू लागला, काढलेले स्क्रू दातात धरू लागला. दहा मिनिटं गेली. मंडळी चुळबुळायला लागली. आबा म्हणाले, आत्या, तुमी काय केलं होतं त्यात? ते तिला ऐकू गेलं नाही. पण सगळे आपल्याकडे बघताहेत आणि पडद्यावर काही नाही, हे तिला दिसलं. एवढ्यावरून काय हवंय ते तिनं ओळखलं.

ती उठली. शाल बाजूला ठेवली. कोपऱ्यातली सिंधूची कळशी कमरेवर घेतली. मंडळींनी सरकून वाट केली. ती चार पावलं चालली, थांबली, आणि तिनं मान वळवली. सशाचे शेंगदाणे थांबले. आबांचा श्वाससुद्धा थांबला. मग तिनं मानेपासून शेपटीपर्यंत सगळे काटे फुलवले आणि एकदा वाजवले.

कपाटातून भालचंद्राचा आवाज आला. "कोण वाजतंय ते? जरा शांत बसता का सगळे?"

सत्तावीस तोंडं कपाटाकडे वळली. आत्याला तो आवाज ऐकू आला नाही. पण आपण मान वळवली आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं, हे तिला दिसलं. मग तिनं कळशी खाली ठेवली. घरमालकानं शांत बसायला सांगितलं असल्यामुळे टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या.

भालचंद्रानं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, काय झालं.

"काही नाही," सिंधू म्हणाली. "आत्यांचा सीन झाला."

दुसऱ्या दिवशी आत्यानं सिंधूला हाक मारून ती भेंडाची टोपणं मागितली. म्हणाली, "बसव मला पण. त्याला त्रास होतो."

सिंधूनं एकेक टोपण बसवलं. नंतर ती भालचंद्राकडे गेली आणि म्हणाली की पंखा माळ्यावर पडलाय, तो एका दिवसापुरता लाव, आत्यांना दाखव आणि मग हवा तर नदीत फेकून दे. भालचंद्र म्हणाला, मंडळाच्या फळ्यावर माझ्या नावापुढे शून्य लिहिलंय, आता पंखा लावून तिथे काय तोंड दाखवू. बिनपंख्यानं पेटी थंड ठेवणारा एक मोठा हीटसिंक त्यानं मागवला होता. पंधरा दिवसांत येणार होता. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?

हीटसिंक यायच्या आधी एका सकाळी आत्यानं अंगणात बसून विचारलं, पळस फुलला का गं. समोरची अख्खी टेकडी लाल झाली होती. सिंधूनं तिच्या तळहातावर बोटानं लिहिलं, अजून नाही.

हीटसिंक आला. तो पेटीपेक्षा मोठा होता. तो बसवला आणि बोलपट पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता चालला. आत्याला आणून बसवलं होतं. तिचं तोंड पडद्याच्या जरा डावीकडे होतं. सीन आला तेव्हा सिंधूनं तिचा हात दाबला.

"आले का मी?" आत्यानं विचारलं. सिंधूनं पुन्हा दाबला. "मान वळवली?" पुन्हा दाबला. "बरी दिसतेय ना?" सिंधूला दाबवेना. तिनं तो हात नुसता धरून ठेवला.

भालचंद्र पुढे वाकून ऐकत होता. यासाठीच सगळा अट्टाहास होता. वाघ आला, तरुण ठकूआत्या थांबली, तिनं मान वळवली, काटे फुलवले, आणि बिळात सनई-चौघडा दणाणला. कंपनीनं त्या सीनवर वाजंत्री घातली होती. काटे हलत होते, ऐकू एकही येत नव्हता. भालचंद्रानं तो सीन पंचवीस वेळा लावला. मग वडावर जाऊन लटकेसरांना विचारलं की वाजंत्री काढून खालचे काटे ऐकता येतील का.

"घातलेला आवाज काढता येतो," लटकेसर म्हणाले. "पण खाली काही असेल तर. कंपनीनं काट्यांचा आवाज टिपलाच नाही."

भालचंद्र घरी आला. त्या संध्याकाळी ते काटे खोलीत मोठ्यानं वाजले होते. सत्तावीस जणांनी ऐकले होते, आणि त्यानं त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं खरं होतं, याबद्दल मी त्याची चेष्टा करणार नाही. तो आत्यासमोर बसला आणि म्हणाला, आत्या, एकदा वाजव ना. तिला ऐकू गेलं नाही. त्यानं कळशी उचलून दाखवली. तिला दिसली नाही. चार महिने घरात सगळे कुजबुजत होते, पण आता तो तिच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांतानं ओरडला, "आत्या, वाजव!"

"पिठलं?" आत्या म्हणाली. "चालेल. पण मीठ बघून घाला."

आणि ती हसली. हसताना तिचं सगळं अंग हललं. टोपणं बसवलेली असल्यामुळे आवाज झाला नाही.

त्यानंतर दर रविवारी सिंधू आत्याला आबांकडे घेऊन जाते. दारातच आत्याची टोपणं काढून वाटीत ठेवते. आबांची पेटी सुरू झाली की गिरणी चालू होते आणि जमीन थरथरते. आत्या दोन्ही पंजे जमिनीवर टेकून बसते. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, पण त्या थरथरीवरून बोलपट सुरू झाल्याचं तिला पक्कं कळतं. मग ती काटे फुलवते आणि वाजवते, भलत्याच ठिकाणी, कधी गाण्यात तर कधी लग्नात. मंडळी दर वेळी टाळ्या वाजवतात. त्या तिला जमिनीतूनच कळतात.

भालचंद्र जात नाही. तिथे फार आवाज असतो. तो घरी पेटीसमोर एकटा बसतो. सिंधू नाही, आत्या नाही, पालीसुद्धा आबांकडे गेल्या. अशाच एका रविवारी त्याला एक ठोका ऐकू आला. ठक, ठक, ठक. त्यानं पेटी बंद केली, तरी येत होता. पेटीचा एकेक भाग सुटा केला, तरी येत होता. शेवटी लटकेसरांना बोलावलं.

लटकेसर तुळईला लटकले आणि त्यांनी डोळे मिटले. "हा पेटीचा नाही," ते म्हणाले. "तुमच्या छातीतला आहे."

"बंद करता येईल?"

"येईल. पण मग मंडळच काय, सारं जंगल म्हणेल की भालचंद्र शांत झाला."

भालचंद्रानं ते वहीत लिहून घेतलं आणि लटकेसरांना दोन केळी दिली.

तात्पर्य: घरात शांतता हवी असेल तर पंखे बदलत बसू नये. आधी माणसं घालवावीत. काम लवकर होतं, आणि पेटीही तापत नाही.